बेडी तुटली, बही राहिली



मागच्या मंगळवारी आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचत गोळा झाली, अंतर्गत कर्जाचे हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा एका ताईने पदराखालून घडी घातलेला कागद काढला. कोरा स्टॅम्प पेपर. खाली पेन्सिलीने दोन फुल्या मारलेल्या. एक नवऱ्याच्या सहीसाठी, एक तिच्या अंगठ्यासाठी. यंदाच्या ऊसतोडीची उचल पाहिजे असेल तर आधी हा कागद द्यायचा, वरचा मजकूर मुकादम मागाहून लिहिणार. ताई म्हणाली, "जरा वाचून सांगा." कोऱ्या कागदात काय वाचायचं?

भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ही गुलामगिरीच की गं." त्यावर एक शिकलेली सून म्हणाली, "असं कसं आजी? गुलाम म्हणजे बेड्या घालून बाजारात विकत ते. आपण पैसे घेतो, आपल्या पायाने जातो." मग चहा थंड होईस्तोवर वाद झाला. आम्ही म्हटलं, रेडिओवरच्या पुढच्या भाषणाला हाच विषय घेऊ. तेव्हा आज आपण थोडं लांब जाणार आहोत, पार समुद्रापलीकडे अमेरिकेत. पण वाट फिरून आपल्या कर्जत-पारनेरातच येते, एवढा भरवसा ठेवा.

तर गुलाम म्हणजे काय, हे आधी बघू. आपल्या नगरला हा शब्द नवा नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतला. लहानपणी विकला गेलेला, हातोहाती फिरत दख्खनेत आलेला हबशी गुलाम. तो स्वतःच्या कर्तबगारीवर राज्याचा कारभारी झाला, मोगलांशी लढला आणि 1626 मध्ये वारला. म्हणजे इथे गुलाम वजीर होऊ शकला. एखाद-दुसराच, हे खरं. पण अमेरिकेत तेवढीही फट ठेवलेली नव्हती. तिथल्या कायद्याने आई गुलाम असेल तर पोटातलं लेकरू जन्मायच्या आधीच गुलाम. बाप कोण हे विचारायचंच नाही. मालकाने बाईवर जबरदस्ती केली आणि मूल झालं, तर ते मूलही मालकाच्या मालमत्तेत जमा. गाय व्याली की वासरू मालकाचं, तसं. नवऱ्याला एका गावी विकायचं, बायकोला दुसऱ्या, लेकरं तिसऱ्या. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. का, ते तुम्हाला सांगायला नको. वाचता येणारा माणूस कागदावर काय लिहिलंय ते विचारतो.

1860 मध्ये अशी जवळजवळ 40 लाख माणसं तिथे गुलामीत होती. त्यातली पुष्कळशी कपाशीच्या शेतात राबत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कापूस वेचायचा, संध्याकाळी वजन करायचं, वजन कमी भरलं तर चाबूक. हा कापूस जहाजाने विलायतेला जायचा आणि तिथल्या गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं. उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी बंद झालेली, दक्षिणेकडचे जमीनदार ती सोडायला तयार नाहीत. 1860 मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले, तशी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली. एकूण 11 राज्यं फुटली. एप्रिल 1861 मध्ये तोफा सुरू झाल्या आणि एकाच देशातली माणसं चार वर्षं एकमेकांशी लढली. सहा लाखांहून जास्त माणसं गेली. लिंकन सुरुवातीला म्हणत होते, मला देश एक ठेवायचा आहे. पण लढाई जशी चिघळली तसा खरा प्रश्न टाळता येईना. 1 जानेवारी 1863 रोजी फुटलेल्या राज्यांतले बहुतेक गुलाम मुक्त, असा जाहीरनामा निघाला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेने हत्यारं टाकली, त्याच महिन्यात लिंकनचा खून झाला आणि डिसेंबरात घटनेतच दुरुस्ती होऊन साऱ्या देशातली गुलामगिरी संपली.

या लढाईत बाया नुसत्या रडत बसल्या नव्हत्या. हॅरिएट टबमन नावाची एक बाई होती. स्वतः गुलामीतून पळालेली. पळून गेल्यावर ती गप्प सुखात राहिली नाही. पुन्हा पुन्हा जीव मुठीत धरून मागे गेली आणि रात्रीच्या वाटेने 70 एक माणसं सोडवून आणली. लढाईत 1863 मध्ये एका नदीवरच्या मोहिमेत फौजेला वाट दाखवायला ती पुढे होती, त्या एका मोहिमेत 700 च्या वर माणसं सुटली. आणि टेक्सास नावाच्या लांबच्या राज्यात तर, आपण मुक्त झालोय ही बातमी लोकांना जून 1865 मध्ये कळली. जाहीरनामा निघून अडीच वर्षं झालेली! आपल्याकडे योजनेची मुदत संपल्यावर फॉर्म गावात येतो, त्याची आठवण झाली आम्हाला.

आता कपाशीचा धागा धरा, म्हणजे वाट घराकडे वळते.

लढाई सुरू झाली तशी उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्रजांना आठवण झाली हिंदुस्थानची. मुंबईत कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे इतका पैसा आला की कागदावरच्या कंपन्या निघाल्या, लोक त्यांच्या शेअरमागे वेडे झाले. त्या पैशाचा ओघ व्यापाऱ्याकडून शहरातल्या सावकाराकडे, तिथून खेड्यातल्या सावकाराकडे आला. कालपर्यंत दारात उभं न करणारा सावकार आता बोलावून कर्ज द्यायला लागला. कपाशी लावायची असेल तर एकराला 100 रुपयांपर्यंत उचल मिळे. उचल! शब्द लक्षात ठेवा.

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्यात खानदेश-वऱ्हाडाइतकी कपाशी कधीच नव्हती. आपण ज्वारी-बाजरीची माणसं. पण त्या वर्षांत धान्याचेही भाव चढले, मजुरीला मागणी आली. नगरला तेव्हा रेल्वे नव्हती. दौंड-मनमाड लाईन 1878 ची. माल बैलगाडीने जायचा, म्हणून गाडीवानांनाही दिवस बरे आले. लोकांनी विहिरी खणल्या असतील, लेकींची लग्नं केली असतील. भाव असताना काढलेलं कर्ज जड वाटत नाही. कांद्याला भाव असतो त्या वर्षी आपण काय करतो?

मग 1865 ला तिकडे लढाई संपली. बंदरं उघडली. अमेरिकेचा कापूस पुन्हा येऊ लागला आणि मुंबईचा बाजार कोसळला. 1 जुलै 1865 या दिवशी भलेभले शेठ बुडाले. कोसळल्याची झळ खेड्यात पोचायला फार वेळ लागला नाही. सावकाराने नवं कर्ज बंद केलं आणि जुनं मागायला सुरुवात केली. त्यातच शेजारच्या इंदापूर-भीमथडीकडे सरकारने तीस वर्षांची मुदत संपली म्हणून शेतसारा नव्याने बांधला, आणि तो बराच वाढवला. भाव पडलेले, सारा चढलेला, सावकार दारात.

कर्ज वाढायचं कसं, ते नीट ऐका. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा कागद तीनच वर्षं चालायचा. कायदा केला होता रयतेच्या भल्यासाठी, की व्याज फार साचू नये. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार नवा कागद करायला लावी आणि मागचं व्याज मुद्दलात घाली. पुढे व्याजावर व्याज. आपल्याकडे जुनी रीत होती दामदुप्पटीची, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती रीत कुणी पाळेना. सरकारने पुढे चौकशी केली तेव्हा 100 रुपयांच्या कर्जावर 2000 च्या वर व्याज लावल्याचं एक प्रकरण सापडलं. आणखी एक तऱ्हा होती. कर्ज फिटत नाही म्हणून शेतकऱ्याने आपली गाडी आणि बैल सावकाराला विकल्याचा कागद करून द्यायचा, आणि लगेच दुसरा कागद करायचा की तेच बैल आणि तीच गाडी भाड्याने घेतली. गोठ्यात बैल आपले, वैरण आपली, आणि महिन्याला भाडं सावकाराला.

कर्जत तालुक्यातलं मिरजगाव तुम्हाला माहीत आहे. नगर-सोलापूर रस्त्यावरचं. तिथल्या रयतेने नगरच्या कलेक्टरला एक अर्ज केला होता. आम्ही बी.ए.ला असताना हे प्रकरण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पण गटाचं काम करायला लागल्यावर तो अर्ज पुन्हा वाचला आणि अंगावर काटा आला. त्यांचं म्हणणं असं की घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडे कपडा, धान्य, पैसा मागावा लागतो, आणि तो कडक अटींचा कागद केल्याशिवाय मिळत नाही. रोखीच्या गिऱ्हाइकाला जो भाव, त्यापेक्षा आम्हाला शेकडा 25 ते 50 जास्त. आमचं शेतातलं पीक सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण बहीत मांडत नाही. आणि पावती मागितली तर देत नाही.

पावती देत नाही. दीडशे वर्षांमागे मिरजगावच्या माणसांचं हे गाऱ्हाणं होतं.

पुढे जे झालं त्याची सुरुवात घोड नदीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. 1874 च्या अखेरीला तिथे एका सावकाराने 150 रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा आणला. गावाने ठरवलं, यांच्या दुकानात जायचं नाही, यांच्या शेतात राबायचं नाही. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, पाणी भरणारा पाणी भरीना. हा बहिष्कार गावोगाव पसरला. मग 12 मे 1875 रोजी, बाजारच्या दिवशी, सुप्याला भडका उडाला. आपल्या पारनेरचं एमआयडीसीवालं सुपे नव्हे, हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आता बारामती तालुक्यात येणारं सुपे. लोक सावकारांच्या घरादुकानांत शिरले, बह्या आणि कर्जखतं मागितली आणि चौकात होळी केली. लोण आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसच्या वर गावं उठली.

या दंगलींत एक गोष्ट चौकशी करणाऱ्या साहेबांनाही नवलाची वाटली. लोकांना कागद हवे होते. सावकाराने बह्या आणि खतं मुकाट्याने बाहेर आणून दिली तर त्याला सहसा हात लागला नाही. दिली नाहीत तिथे मारहाण झाली, काही घरं जळली. तेही झालं, ते लपवायचं कारण नाही. राग निघाला तो बहुतेक बाहेरून येऊन सावकारी करणाऱ्या मारवाडी-गुजरांवर. गावातलेच जे सावकारी करत, त्यांना बऱ्याच ठिकाणी कुणी विचारलं नाही. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा त्याच आजी पटकन म्हणाल्या, "परक्याला मारणं सोपं असतं." आम्हाला वाटतं, त्या काळच्या दंगलीतली ही कमजोरी आजींनी बरोबर पकडली. आणि सारा वाढवणारं सरकार तर कुणाच्याच हाताला लागलं नाही.

पलटण आली. साडेनऊशेच्या आसपास माणसं धरली गेली, पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाली. शिक्षा झालेल्यांच्या घरी त्या पावसाळ्यात पेरणी कुणी केली असेल, हे काही सांगायला नको. वर्षभरातच 1876 चा मोठा दुष्काळ आला.

पण कागद जाळल्याने एक झालं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1878 मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांपुरता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद. कोर्टाने नुसता कागद बघायचा नाही, पहिल्यापासूनचा हिशोब तपासायचा. कर्जखत नेमलेल्या माणसासमोर लिहायचं. आणि शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशोब, मागितलं तर पासबुक द्यायचं. आपल्या हातात आज गटाचं पासबुक आहे ना, त्यामागे मिरजगावच्या त्या गाऱ्हाण्यासारखी किती गाऱ्हाणी आहेत बघा. सावकारांनी यातूनही पळवाटा काढल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि पैसे दिले की जमीन परत करू, असं तोंडी सांगायचं. तोंडी! ही तऱ्हा आपल्या आजोबा-पणजोबांपर्यंत चालत आलेली, घरोघरी विचारा.

मधल्या काळात, म्हणजे सुप्याच्या दोन वर्षं आधी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक निघालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना सोडवायला झीज सोसली. जोतीरावांना अमेरिकेची लढाई लांबची वाटली नाही. इथल्या शूद्र-अतिशूद्रांनाही कुणीतरी असंच सोडवावं, सोडवायची बुद्धी व्हावी, हा त्यांचा हेतू. आणि यात आपल्या नगरचाही वाटा आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते इथे नगरला, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाईंकडे. या फरारबाई 1827 मध्ये अमेरिकेहून आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरमध्येच वारल्या. त्यांच्या देशात तेव्हा लढाई पेटलेली होती. एकीकडे वाचायला शिकवणं गुन्हा ठरवणारी राज्यं, आणि त्याच देशातून आलेली बाई आपल्याकडे मुलींना बाराखडी शिकवते. एका देशात दोन्ही असतं.

आता तिकडे बेड्या तुटल्यावर काय झालं ते सांगतो, कारण त्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. मुक्त झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. मग त्यांनी पूर्वीच्याच मालकाची जमीन वाट्याने कसायला घेतली. बी-बियाणं, कणीक, मीठ, कपडा मालकाच्या नाहीतर त्याच्या जवळच्या दुकानातून उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त. हंगाम संपला की मालक बही उघडून सांगणार, तुझा वाटा एवढा, उधारी एवढी, अजून तुझ्याकडेच निघतात. वाचता येत नाही, पावती नाही. फिटल्याशिवाय जागा सोडायची नाही. वर्षामागून वर्षं तेच. म्हणजे ज्या काळात मिरजगावची रयत कलेक्टरला अर्ज लिहीत होती, त्याच काळात हजारो कोसांवर तीच बही दुसऱ्या भाषेत लिहिली जात होती. चाबूक नव्हता, बाजारात विकणं नव्हतं. माणूस आपल्या पायाने शेतावर जात होता.

म्हणून आजी चुकल्या नाहीत आणि सूनही पुरती चुकली नाही. 40 लाख माणसांनी जे सोसलं त्याला आपण आपल्या उचलीच्या रांगेत बसवू नये, लेकरू जन्मायच्या आधी विकलं जाणं ही गोष्टच वेगळी. पण उचल आपल्या मर्जीने घेतली म्हणून माणूस मोकळा, असंही नाही. आपल्या देशात 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. घेतलेल्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जायची मोकळीक उरली नाही, तर तो कायदा त्याला वेठबिगारीच म्हणतो. मग पैसे घेताना तुम्ही हसत होता की रडत होता, हे बघत नाही.

सावकारी मोडायला सहकार आला, सहकारातून कारखाने आले, कारखान्याला ऊस तोडायला माणसं लागली आणि माणसं बांधायला पुन्हा उचल आली. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता एक, हिशोब एक, नाव नवऱ्याचं. पहाटे तीनला उठून मोळ्या वाहते ती बाई त्या कागदात कुठे दिसते? अंगठ्यापुरती. पाळीच्या दुखण्यात एक दिवस पडून राहिली तर खाडा मात्र दोघांचा.

आता त्या ताईचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर तालुक्याला कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेल्या. तिथे सल्ला फुकट मिळतो, आणि बाईमाणसाला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. सांगितलं ते एवढंच की कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका, रक्कम आकड्यात आणि अक्षरात आधी लिहून घ्या, टनाचा दर लिहा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. घरी जाऊन ताईने मुकादमाला हे सांगितलं. तो चिडला. म्हणाला, कोयत्यांना तोटा नाही. तिचा नवराही दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, कारण उचलीतून थोरलीची फी भरायची होती. त्याच वस्तीवरच्या तीन जोड्यांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिलेत, हेही सांगायला हवं. त्यांच्या घरी तेव्हा पीठ नव्हतं.

चौथ्या दिवशी मुकादम परत आला. रक्कम लिहिली, दर लिहिला. झेरॉक्स द्यायला मात्र तयार नव्हता, मग थोरलीने मोबाईलमध्ये फोटो काढला. गटाने ठराव करून तिच्या फीपुरतं अंतर्गत कर्ज दिलं, म्हणून उचल ठरली होती त्यापेक्षा कमी घ्यावी लागली.

दिवाळी झाली की ते निघणार. ताईने बाजारातून शंभर पानी वही आणली आहे. रोज किती टन भरला, खाडा कुठला, किराण्याला मुकादमाकडून किती घेतले, ते धाकटी तिथे मांडणार आहे. ती सातवीत आहे, आणि ती शाळा सोडून बरोबर जाणार ही गोष्ट आम्हाला अजून सोडवता आलेली नाही. हंगामी वसतिगृहासाठी आम्ही शाळेत अर्ज दिला आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने तारीख टाकली, उचलीची रक्कम लिहिली आणि खाली कोयता असं लिहून बापाचं नाव लिहिलं. ताई म्हणाली, "खाली माझं पण घाल." तिने घातलं.